दप्तर, शिपाई आणि रयत

आपल्या इतिहासाच्या पुस्तकात तुर्क एकाच ओळीत येऊन गेले होते. 'इ. स. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल जिंकले आणि युरोपचे पूर्वेकडील व्यापारी मार्ग बंद झाले,' अशा अर्थाची ती ओळ. पुढच्या परिच्छेदात लगेच वास्को द गामा कालिकतला उतरायचा. 'कारणे द्या' मध्ये हा प्रश्न हमखास येई, म्हणून १९९६ च्या आपल्या तुकडीतल्या प्रत्येकाला तो आजही पाठ असेल.

तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं होतं, "सर, रस्ता बंद झाला हे कळलं. पण रस्त्याच्या तिकडे जी माणसं राहत होती, त्यांचं काय झालं?" सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मला माहीत नाही. पुस्तकातही नाही." 'मला माहीत नाही' हे वर्गात एवढ्या सहज म्हणणारे शिक्षक मी तोवर पाहिले नव्हते. स्मरणिकेसाठी लेख मागवल्याचा निरोप आला तेव्हा हाच तास आठवला. तो गृहपाठ आज, तीसेक वर्षं उशिरा, सरांच्या टेबलावर ठेवते आहे.

उत्तराकडे मी वळले ती कामाच्या निमित्ताने. काही वर्षांपूर्वी आमच्या एका प्रकल्पाचा अर्धा गट बल्गेरियाची राजधानी सोफिया इथे होता आणि मला तिथे काही आठवडे राहावं लागलं. पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलावरची सहकारी हातातली वही दाखवत म्हणाली, "तेफ्तेर." मी म्हटलं, "दप्तर?" तिथून आमचा खेळच सुरू झाला. आपलं दुकान ते त्यांचं द्युक्यान, बाजार तो पझार, तवा तो तावा, हलवा तो हाल्वा, सरबत ते शेर्बेत, हिशेब तो हेसाप, मोहल्ला तो महाला, मैदान ते मेग्दान. आपला खिसा कपड्याला शिवलेला असतो, त्यांची केसिया म्हणजे थैली. हे सारे मूळचे फारसी-अरबी शब्द. आपल्याकडे ते सुलतान-बादशहांच्या दरबारातून आले, त्यांच्याकडे उस्मानी तुर्कांबरोबर. त्यातले तीन शब्द मात्र मी परत येताना सोबत आणले : शिपाई, रयत आणि दप्तर. पाचशे वर्षांच्या तुर्की अमलात ख्रिस्ती प्रदेशाचं काय झालं, हे मला या तीन शब्दांतून समजलं.

आधी थोडा काळाचा हिशेब. कॉन्स्टॅन्टिनोपल पडण्याच्या साठ वर्षं आधी, १३९३ मध्ये, बल्गेरियाची जुनी राजधानी तर्नोवो तुर्कांनी घेतली. १३९६ पर्यंत व्हिदिनचं उरलेलं राज्यही संपलं. राजा गेला, सरदार घराणी संपली किंवा नव्या सत्तेत सामील झाली. बल्गेरियाला पुन्हा स्वतःचं सरकार मिळालं ते १८७८ मध्ये. म्हणजे ४८० हून अधिक वर्षं, सुमारे वीस पिढ्या.

आता शिपाई. शाळेत आपल्यासाठी शिपाई म्हणजे घंटा वाजवणारे आणि उशीर झाला तर फाटकाशी अडवणारे मामा. उस्मानी राज्यात सिपाही म्हणजे घोडदळाचा स्वार. बहुतेक शेतजमीन सुलतानाची असे. स्वाराला काही गावांचा सारा तोडून दिला जाई. त्यातून त्याने घोडा, हत्यारं आणि बरोबरची माणसं सांभाळायची आणि मोहीम निघाली की हजर व्हायचं. जमीन त्याच्या मालकीची नसे. ती कसायचा हक्क शेतकऱ्याच्या घरात बापाकडून मुलाकडे जाई, पण त्याला परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. आपल्याकडच्या जहागिरीशी या व्यवस्थेचं बरंच साम्य दिसेल.

पहिली दीड-दोनशे वर्षं ही घडी बऱ्यापैकी चालली. कर ठरलेले असत आणि जुन्या सरदारांची वेठ काही ठिकाणी कमीही झाली. मग लढाया महागल्या, साऱ्याचे मक्ते बोली लावून दिले जाऊ लागले आणि मक्तेदार दिलेल्या पैशाची दुप्पट वसुली करू लागला. अठराव्या शतकाच्या अखेरीला आपल्याकडच्या पेंढाऱ्यांसारख्या टोळ्या बल्गेरियाची गावं जाळत हिंडत होत्या. म्हणून 'तुर्की राजवट कशी होती?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणतं शतक आणि कोणतं गाव, हे आधी विचारावं लागतं.

दुसरा शब्द रयत. हा शब्द ऐकला की आपल्या मनात माया येते. शिवाजी महाराज रयतेचे राजे, कर्मवीर भाऊरावांची संस्था ती रयत शिक्षण संस्था. बल्गेरियात त्याच शब्दाचं 'राया' झालं आणि तो अपमानाचा शब्द ठरला. मुळात उस्मानी भाषेत कर भरणारी सगळीच प्रजा, मुसलमान असो वा ख्रिस्ती, रयत होती. पुढे तो शब्द फक्त ख्रिस्ती प्रजेला चिकटला. शेतकरी दोघंही होते, साराही दोघं देत. पण ख्रिस्ती पुरुषावर जिझिया जास्तीचा होता. त्याने हत्यार बाळगायचं नाही, घोड्यावरून मिरवायचं नाही, मुसलमानाविरुद्ध त्याची साक्ष कमी वजनाची. नवं चर्च बांधायला परवानगी क्वचितच मिळे, जुनं दुरुस्त करायलाही अर्जविनंत्या कराव्या लागत. सोफियाच्या भर मध्यात खोगीर बनवणाऱ्या कारागिरांच्या नावाने ओळखलं जाणारं सेंट पेत्काचं चर्च आहे. ठेंगणं, खिडक्या जवळजवळ नाहीत, अर्धं जमिनीत. तिथून चार पावलांवर १५६६ ची बान्या बाशी मशीद घुमट उंचावून उभी आहे. मी दोन्हींच्या मधे उभी राहिले तेव्हा 'राया' हा शब्द मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला.

याच रयतेकडून काही काळ आणखी एक वसुली होत असे, मुलांची. ठरावीक वर्षांनी सुलतानाची माणसं ख्रिस्ती गावांत येत आणि काही मुलगे निवडून नेत. त्यांचा धर्म आणि नाव बदले. मग त्यांतले बरेच जॅनिसरी सैनिक होत, थोडे दरबारात चढत. बोस्नियातल्या विशेग्राडजवळचा असाच एक सर्ब मुलगा सोकोल्लू मेहमेद पाशा या नावाने १५६५ ते १५७९ अशी चौदा वर्षं साम्राज्याचा वजीर होता. आपल्या मुलखात, द्रिना नदीवर, त्याने बांधून घेतलेला दगडी पूल आजही आहे. मुलगा वजीर झाला, हे खरं. पण गावातल्या आईला वजीर नको होता, मुलगा हवा होता, हेही तितकंच खरं. सतराव्या शतकात ही पद्धत मंदावत गेली आणि पुढे बंद पडली, पण बाल्कनमधल्या लोकगीतांतून ती गेलेली नाही.

तिसरा शब्द, माझ्या धंद्याच्या सगळ्यात जवळचा, दप्तर. उस्मानी राज्य नोंदींवर चालत होतं. नवा मुलूख जिंकला की कारकून गावोगाव फिरून घरटी कर्त्या पुरुषाचं नाव लिहीत. गाव कोणतं, मोहल्ला कोणता, विधवेचं घर कोणतं, गहू किती, द्राक्षमळे किती, सारा किती. आणि मुसलमान की ख्रिस्ती. या वह्यांना ते 'देफ्तेर' म्हणत. आपलं पेशवे दप्तर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अंदाज येईल.

डेटाबेस बांधणाऱ्या माणसाला एक गोष्ट अनुभवाने कळते. माहिती भरायच्या आधी रकाने ठरवावे लागतात. रकाना नसलेली गोष्ट खरी असली तरी यंत्रणेला दिसत नाही आणि रकाना असलेली गोष्ट हळूहळू सगळ्यांना सर्वांत महत्त्वाची वाटू लागते. उस्मानी दप्तरात धर्माचा रकाना होता, भाषेचा नव्हता. बल्गेरियन, ग्रीक, सर्ब, रुमानियन सगळे 'ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती' या एकाच खान्यात. या खान्याचा प्रमुख कॉन्स्टॅन्टिनोपलचा पाट्रिआर्क. शहर जिंकल्यावर काही महिन्यांतच, १४५४ च्या सुरुवातीला, सुलतान मेहमेदने गेन्नादियसला त्या गादीवर बसवलं. लग्न, वारसा, शिक्षण हे ख्रिस्ती लोकांचे व्यवहार चर्चने बघायचे आणि लोक राजनिष्ठ राहतील याची हमीही चर्चनेच द्यायची.

आमच्या सरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. पाचशे वर्षांनंतरही तो प्रदेश बहुतांशी ख्रिस्ती राहिला. काही लोकांनी धर्म बदलला, विशेषतः रोडोपी डोंगरात. तिथले पोमाक आजही बल्गेरियन बोलतात आणि मशिदीत जातात. पण सगळ्यांना बाटवावं असा राज्याचा आग्रह नव्हता. वेगळा खाना राहण्यातच जिझियाचा पैसा होता आणि निमूट कारभारही होता. त्या खान्याने धर्म राखला, पण त्याची किंमत घेतली. पाट्रिआर्कची भाषा ग्रीक. त्यामुळे बल्गेरियन गावांना वरचे धर्मगुरू ग्रीक मिळत. अठराव्या शतकापर्यंत मोठ्या गावांत प्रार्थना ग्रीक, शाळा ग्रीक, चार पैसे मिळवलेला व्यापारीही स्वतःला ग्रीक म्हणवून घेऊ लागला. बल्गेरियन शेतकऱ्यावर दोन धनी होते. एक हातात तलवार असलेला, दुसरा हातात क्रूस असलेला.

यातून बाहेर पडण्याची पहिली हालचाल झाली ती एका इतिहासाच्या वहीने. सर, हे तुमच्यासाठी. १७६२ मध्ये पाइसी नावाच्या भिक्षूने आथोस पर्वतावरच्या मठात बसून बल्गेरियन लोकांचा छोटा इतिहास लिहिला. आपल्या भाषेची लाज का वाटते, आपलेही राजे होते, आपलेही विद्वान होते, असा त्याचा सूर. छापखाना नव्हता. तीन वर्षांनी, १७६५ मध्ये, कोतेल गावच्या एका पाद्र्याने त्याची पहिली नक्कल केली आणि मग ती वही हातोहात उतरवली गेली. छापील रूपात ती आली १८४४ मध्ये, तीही बुडापेस्टमध्ये.

वहीनंतर शाळा. १८३५ मध्ये गाब्रोवो या डोंगरी गावात पहिली आधुनिक बल्गेरियन शाळा निघाली. ओडेसात पैसा कमावलेल्या वासिल आप्रिलोव्ह या व्यापाऱ्याने त्यासाठी खटपट केली आणि रिला मठाचा भिक्षू नेओफित तिचा शिक्षक झाला. मुलं शेकड्याने, शिक्षक एक. म्हणून थोरल्या मुलांनी धाकट्यांना शिकवायचं अशी पद्धत घेतली. ही पद्धत आली कुठून, हे वाचताना मी खुर्चीतून उठलेच. आपल्या मद्रासहून! १७८९ च्या सुमाराला मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख अँड्र्यू बेल याने स्थानिक मुलांना वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहिलं आणि त्यावरून ही रीत बसवली. म्हणजे आपल्याकडची धूळपाटी इंग्लंडला गेली, तिथून ग्रीक शाळांत आली आणि तिथून बाल्कनच्या डोंगरात पोचली.

पुढे शाळांची लाटच आली. १८४० मध्ये प्लेवेनला अनास्तासिया दिमित्रोव्हा या बाईंनी मुलींची शाळा काढली, सावित्रीबाईंच्या शाळेच्या आठ वर्षं आधी. १८५१ मध्ये प्लोव्हदिवच्या शाळेत पहिल्यांदा संत किरिल आणि मेतोदी यांचा, म्हणजे स्लाव्ह अक्षरांच्या जनकांचा, दिवस साजरा झाला. तेव्हा सुलतानाचंच राज्य होतं. आज २४ मे ही तिथे राष्ट्रीय सुट्टी आहे. शाळेतली मुलं फुलं घेऊन मिरवणुकीने निघतात. माझी सहकारी म्हणाली, "बहुतेक देश लढाईचा दिवस पाळतात, आम्ही बाराखडीचाही पाळतो." १८५६ पासून गावोगाव सार्वजनिक वाचनालयं निघाली, त्यांतच नाटकं आणि सभा होऊ लागल्या. हे सगळं लोकवर्गणीतून, कारागिरांच्या पंचायतींच्या पैशातून. राज्याने यासाठी काही केलं नाही. पण फार अडवलंही नाही, हेही लिहायला हवं.

मग लोकांनी धर्माच्या रकान्यातूनच भाषेचा रकाना मागितला. १८६० च्या ईस्टरला कॉन्स्टॅन्टिनोपलच्या बल्गेरियन चर्चमध्ये बिशप इलारिओनने प्रार्थनेत पाट्रिआर्कचं नाव घेतलंच नाही. एक नाव गाळलं, बस. दहा वर्षांच्या झगड्यानंतर १८७० मध्ये सुलतानाने वेगळ्या बल्गेरियन चर्चचं फर्मान काढलं. त्यात एक कलम होतं. इतर भागांतल्या दोन-तृतीयांश रहिवाशांची इच्छा असेल तर तोही भाग नव्या चर्चकडे जाईल. हे कलम वाचायला लोकशाहीचं आहे. पण त्यानंतर मॅसेडोनियाच्या गावागावांत माणसं मोजण्याची चढाओढ लागली आणि या चर्चचा की त्या चर्चचा, यावरून पुढे चाळीस वर्षं रक्त सांडलं. इंग्रजांच्या जनगणनेत जातीधर्माचे रकाने आल्यावर आपल्याकडे काय काय झालं, ते आठवलं तर हे नवल वाटणार नाही.

शेवटची वर्षं भीषण होती. १८७६ च्या वसंतात उठाव झाला आणि तो चिरडायला राज्याने बिनकवायती टोळ्या सोडल्या. बाताक गावात चर्चमध्ये आसऱ्याला गेलेल्या बायकामुलांसह हजारो माणसं मारली गेली. मारणाऱ्यांत आसपासच्या गावांतले पोमाक मोठ्या संख्येने होते, म्हणजे तीच भाषा बोलणारे शेजारी. मॅकगाहन या अमेरिकन बातमीदाराच्या वार्तापत्रांनी युरोप हादरला, रशिया युद्धात उतरला आणि ३ मार्च १८७८ च्या सान स्तेफानोच्या तहाने बल्गेरिया पुन्हा नकाशावर आला. त्या युद्धात आणि नंतर लाखो मुसलमान घरंदारं सोडून पळाले, कित्येक वाटेतच मेले. ते काही सुलतानाचे सरदार नव्हते, बहुतेक शेतकरीच होते. बाताकबद्दल बल्गेरियन मुलं शाळेत शिकतात, या पळालेल्यांबद्दल तुर्की मुलं शिकतात. दोन्ही पुस्तकं एकाच मुलाच्या हातात क्वचित पडतात.

इथे मी थांबले असते. पण आमच्या सोफियाच्या गटात एक सहकारी होता, आपल्याच वयाचा, कर्जालीकडचा, तुर्की घरातला. एकदा जेवताना सहज म्हणाला, "मला पाचव्या वर्षी दुसरं नाव मिळालं आणि दहाव्या वर्षी पहिलं परत मिळालं." १९८४ च्या डिसेंबरात बल्गेरियाच्या साम्यवादी सरकारने देशातल्या सुमारे आठ लाख तुर्कांची नावं बदलायला सुरुवात केली. गावाला पोलिसांचा वेढा आणि यादीतून निवडायचं स्लाव्ह नाव. चारचौघांत तुर्की बोललं तर दंड. नोंदवह्यांत मेलेल्या आजोबांचीही नावं बदलली. कारण काय दिलं? तुमचे पूर्वज बल्गेरियनच होते, सुलतानाने त्यांना बाटवलं, आम्ही चूक दुरुस्त करतो आहोत. १९८९ च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून जास्त माणसं गाद्या-भांडी गाड्यांवर बांधून तुर्कस्तानला गेली. सरकार कोसळल्यावर नावं परत मिळाली, बरेच जण परतले. २०१२ मध्ये बल्गेरियाच्या संसदेने या सगळ्याचा निषेध करणारा ठराव केला.

आपली दहावी झाली त्या उन्हाळ्यातलं अटलांटा ऑलिंपिक आठवतं? लिएंडर पेसच्या ब्राँझमुळे आठवत असेलच. त्याच ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या नाईम सुलेमानोग्लू या बुटक्या वेटलिफ्टरने तिसरं सुवर्ण घेतलं, दुसरा आला तो ग्रीसचा. नाईम जन्माने बल्गेरियाचा. १९८५ मध्ये त्याचंही नाव बदलून नाउम शालामानोव्ह केलं होतं. पुढच्याच वर्षी मेलबर्नच्या स्पर्धेतून तो निसटला आणि आपलं नाव घेऊन सोलच्या ऑलिंपिकला उतरला.

बल्गेरियात आजही वाद चालतो की त्या पाचशे वर्षांना काय म्हणायचं. इवान वाझोव्हच्या प्रसिद्ध कादंबरीच्या नावातच 'जोखड' आहे. २०१६ मध्ये अभ्यासक्रमात 'सहजीवन' असा शब्द येणार म्हणून गदारोळ झाला. माझ्या सहकारीचं मत स्पष्ट होतं, "माझी पणजी 'सहजीवन' जगली नाही." मला तिचं पटतं. पण कर्जालीचा आमचा मित्र त्याच टेबलावर बसला होता आणि त्याच्या वाट्याला आलेलं जोखड सुलतानाचं नव्हतं.

एक गोष्ट मात्र दप्तराच्या बाबतीत राहिली. १९३१ मध्ये तुर्कस्तानने इस्तंबूलमधले जुने उस्मानी कागद रद्दीच्या भावाने बल्गेरियाच्या एका कागद कारखान्याला विकले. गठ्ठे आगगाडीच्या डब्यांतून आले. ते रद्दी नाहीत हे वेळीच लक्षात आलं आणि बराच भाग सोफियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेला. ज्यांना पूर्वी त्या वह्यांत मोजलं, त्यांच्याच वंशजांनी त्या वह्या लगद्यातून वाचवल्या. आज आपल्या गावाचा सोळाव्या शतकातला इतिहास शोधणारा बल्गेरियन अभ्यासक अशी दप्तरं उघडतो, कारण त्याच्या पूर्वजांची नावं दुसरीकडे कुठे लिहिलेलीच नाहीत.

तर सर, रस्त्याच्या तिकडच्या माणसांचं असं झालं. ती टिकली, पण ज्या रकान्यात त्यांना मोजलं गेलं, त्याच रकान्यात ती स्वतःला बघू लागली. राज्य गेल्यावर ती मोकळी झाली आणि त्याच रकान्याने त्यांनी शेजाऱ्याला मोजलं.

मेळाव्यात जुना हजेरीपट काढून नावं पुकारणार आहेत असं व्हॉट्सॲप गटावर वाचलं. आपल्यातल्या कितीजणींची नावं लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नव्याने लिहिली गेली. माझंही त्यातलंच. कुणी पोलीस आणले नव्हते, हौसेनेच झालं, त्यामुळे तुलना करत नाही. पण त्या दिवशी सर जुनं नाव पुकारतील, तेव्हा मी "हजर" जरा मोठ्यानेच म्हणेन.